एका कार्डावरची सहा माणसं

१ ऑगस्ट २००३, शुक्रवार

आलं ते असं. शाबुदाणा दोन किलो, भगर एक किलो, श्रावणापुरती. आपल्याच दुकानातून, म्हणून खरेदीच्या भावानं. विभूतीचा गोळा एक, तीन रुपये. गेल्या साली अडीच होता. देवाचं म्हणून घासाघीस केली नाही, एकदाच विचारलं. दोनशे पानी वही, चौदा रुपये. ही तीच. आणि रुद्राणीच्या कॉलेजचं पाकीट, बिनतिकिटाचं, बैरंग. पोस्टमनला दहा रुपये मोजले तेव्हा त्यानं हातातनं सोडलं.

दहा रुपये देऊन आत काय निघालं, तर नवीन काम. डिप्लोमाची फी माफ व्हायची असेल तर शासनाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज यंदापासून ऑनलाइन. म्हणजे कॉम्प्युटरवर भरायचा आणि छापून तालुक्याच्या कचेरीत द्यायचा. शेवटची तारीख ३१ ऑगस्ट.

रुद्राणीचा बीडहून फोन. आई, इथं आम्ही मैत्रिणी मिळून भरणार आहोत, फुकटात होतंय, तू कागद तेवढे पाठव. मी म्हटलं, असल कागद गेवराईच्या बाहेर जाणार नाहीत. तुझी आई मॅट्रिक आहे, चौपन्न टक्के, पहिल्या झटक्यात. मी भरते.

तिचे वडील दुकानात जाता जाता उंबऱ्यातून म्हणाले, पहिला हप्ता कसाबसा भरला. दुसरा दिवाळीनंतर हाय. शिष्यवृत्ती आली तर शिकंल पोरगी. न्हाई तर घरी आणायची, माजलगावचे पाहुणे थांबलेलेच हायत. ते कामाचं सगळं उंबऱ्यातूनच बोलतात, म्हणजे उत्तर द्यायला माणूस समोर उरत नाही.

मलाही मॅट्रिकनंतर घरीच आणलं होतं. त्याचं काही नाही.

२ ऑगस्ट, शनिवार. नागपंचमी

आज चिरणं नाही, कापणं नाही, तळणं नाही. हात रिकामे राहिले की मनात वर्षाराणी येते.

वर्षाराणी माझी धाकटी जाऊ. राजेश्वरभाऊजींचं कापडाचं दुकान. चुली वेगळ्या होऊन सहा वर्षं झाली, मध्ये एक भिंत. रेशनकार्ड तेवढं अजून एकच. वेगळं करायचं म्हणजे स्टँपपेपर, हेलपाटे, चहापाणी. त्यापेक्षा एक महिना कार्ड त्यांच्याकडं, एक महिना आमच्याकडं. मीच सुचवलं होतं. वाचलेच ना पैसे.

तर जूनमधली गोष्ट. रुद्राणी बारावी झाली, एकाहत्तर टक्के. मी पाव किलो पेढे आणून अर्धे अर्धे केले. गल्ली मोठी आहे. वर्षाराणीनं ताटलीतला अर्धा पेढा चिमटीत धरला आणि चार बायकांसमोर म्हणाली, अक्का, पोरगी अर्धीच पास झाली का काय? सगळ्या हसल्या. मुक्ताबाई तर भिंत धरून हसली. आठ दिवसांनी तिचा अमरनाथ दहावी पास झाला, अडुसष्ट टक्के. तिनं आख्खे पेढे वाटले. मला दोन दिले. दोन!

श्रावण आहे. मनात कुणाबद्दल काही ठेवायचं नाही असा संकल्प केला आहे. म्हणून सगळं या वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवलं. एकूण एकतीस कलमं निघाली. मन अगदी हलकं झालं.

३ ऑगस्ट, रविवार

वर्षाराणी भिंतीवरून: अक्का, अमरनाथच्या कॉलेजचंबी तसलंच पाकीट आलतं म्हणं, कुठं ठिवलं घावंना झालंय. शेवटची तारीख कवा हाय?

मी म्हटलं, तीस सप्टेंबर.

खोटं बोलले नाही. तारीख सांगितली. महिना फक्त पुढचा होता.

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ११

उपास. लिंगपूजा करून, शुभ चौघडिया बघून बद्रीनाथच्या नेट कॅफेत गेले. बद्रीनाथ आधी टायपिंगचा क्लास चालवायचा. आता त्याच खोलीत तीन कॉम्प्युटर आणि पडदे. तासाला तीस रुपये. चप्पल बाहेर काढावी लागते. आत शिरताना सवयीनं हात जोडले गेले.

लाईट नव्हती. चौघडिया संपल्यावर आली.

५ ऑगस्ट, मंगळवार

पान उघडायला वीस मिनिटं. बद्रीनाथला म्हटलं, ही वीस मिनिटं शासनाची, माझ्या नावावर लावू नकोस. तो म्हणाला, काकू, शासनाचं माझ्याकडं खातं न्हाई.

मग विचारतो, वडिलांचं नाव? मी म्हटलं, माझ्या? नाही म्हणे, पोरीच्या. मी म्हटलं, ते मी कसं घेऊ? तो म्हणाला, मग मी घेऊ का? शेवटी पिशवीतली दुकानाची पावती पुढं केली. त्यानं बघून बघून ‘गुरुपाद अँड ब्रदर्स’ सगळंच टाकलं. पुसायला आणखी दहा मिनिटं.

आईचा व्यवसाय? घरकाम. उत्पन्न? त्यानं मला न विचारताच शून्य दाबलं. मी म्हटलं, पहाटे साडेचारला उठते मी. तो म्हणाला, काकू, शासन किती वाजता उठता ते विचारत न्हाई. तेवढ्यात लाईन तुटली. शून्यासकट सगळं गेलं.

पंचवीस रुपये. त्यातले शासनाचे दहा.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज पासवर्ड मागितला. दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही आणि आपण कधी विसरायचा नाही असा शब्द. लगेच सुचला. ardhapedha.

फोटोच्या पानावर लाईट गेली.

१२ ऑगस्ट, मंगळवार. रात्री ८

चौथी फेरी. रेशनकार्डाचा नंबर पाहिजे म्हणाला. हा महिना कार्ड वर्षाराणीकडं. तिला म्हटलं, रॉकेल आलंय म्हणे, बघून येते. तिनं फडताळातून काढून दिलं. वर म्हणाली, घ्या की अक्का, तुमचंच हाय, तुमच्या मालकाचंच नाव पयलं हाय.

पहिलं नाव म्हणे! जसं काही हिनंच घातलं.

अर्ज गेला. हिरव्या अक्षरात तसं आलं. प्रिंट घेतली, तीन रुपये पान. सगळ्या कागदांना हळदकुंकू लावून कचेरीत दिले. तिथले कारकून गहिनीनाथ म्हणाले, बाई, पुढच्या येळंला कुंकू नका लावू, नंबर पुसतोय. महादेवाला नारळ बोलले. आधी काम, मग नारळ.

वर्षाराणी बसली असेल सप्टेंबरची वाट बघत. मला आनंद वगैरे काही झालेला नाही. समाधान वाटलं, ते वेगळं असतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

घात झाला. राजेश्वरभाऊजींच्या दुकानात बद्रीनाथ शर्टपीस घ्यायला गेला आणि तिथं बोलून बसला की तारीख एकतीस ऑगस्ट हाय. काल अमरनाथचा अर्ज गेलासुद्धा. तीस मिनिटांत! बद्रीनाथ म्हणतो, काकूंनी चार फेऱ्या मारल्या, त्यात मलाच कळलं कुठलं बटन कवा दाबायचं.

म्हणजे पंचाऐंशी रुपये माझे आणि शिकला तिच्यासाठी.

वर्षाराणी आली. मला वाटलं भांडेल. मी तयारीनं पदर खोचून उभी राहिले. तर म्हणते, अक्का, महिना तुमच्या ध्यानात राह्यला नसंल, हुतंय असं, आता वय झालं आपलं. आपलं म्हणाली, पण बघत माझ्या केसांकडं होती. मी त्रेचाळीस आहे. ही एकोणचाळीस.

कलम बत्तीस.

२५ ऑगस्ट, सोमवार

चौथा सोमवार. शिवामूठ जवाची. मूठ वाहताना एकाएकी मन स्वच्छ झालं आणि दिसलं की हा माझा आणि वर्षाराणीचा प्रश्नच नाही. शासनाचा आहे.

शिष्यवृत्ती गरिबाला. वर्षाराणीकडं रंगीत टीव्ही, फ्रीज, स्कूटर. असल्या घरातल्या मुलानं अर्ज करायचा, साहेबांनी तो बघायचा, आणि रुद्राणीच्या फायलीवर दुसरी फाईल चढायची. शेजारी राहून हे मी बघत बसले तर देव विचारील, गंगासागर, तू मॅट्रिक होतीस ना?

बदला घ्यायचा असता तर मी जूनमध्येच घेतला असता.

२७ ऑगस्ट, बुधवार. पोळा

दुपारी दार लावून लिहिलं. साधं कार्ड, पन्नास पैसे. पाकिटाला पाच रुपये पडतात आणि निनावी माणसाला पाकीट कशाला? अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं. दोन कार्डं वाया गेली. रुपया.

मजकूर: ‘मा. साहेब, रेशनकार्ड क्रमांक अमुक यावरील कुटुंबाने गरीब असल्याचे भासवून शिष्यवृत्तीचा अर्ज केला आहे. वास्तविक सदर कुटुंब सधन असून घरात रंगीत टीव्ही, फ्रीज, स्कूटर व दोन दुकाने आहेत. तरी समक्ष चौकशी व्हावी. एक जागरूक शिवभक्त.’

शिवभक्त खोडून नागरिक केलं. शिवभक्त म्हटलं की गल्लीत माझ्याकडंच बोट.

दुकान त्यांचं एकच आहे, कापडाचं. पण एक म्हटलं की किरकोळ वाटतं. म्हणून आमचंही त्यात धरलं. भाऊ भाऊच तर आहेत. अमरनाथचं नाव मात्र लिहिलं नाही. पुतण्या आहे, माझ्या हातचं खाल्लेलं लेकरू. त्याचं नाव तक्रारीत घालायचं पाप मी करणार नाही. नंबर म्हणजे काही नाव नव्हे. नंबर चुकू नये म्हणून रुद्राणीच्या अर्जाची प्रिंट समोर ठेवून एकेक आकडा उतरवला, दोनदा ताडला. बिनचूक.

२८ ऑगस्ट, गुरुवार

रुद्राणीला डबा द्यायचा म्हणून बीडला गेले. कार्ड तिथल्या पेटीत टाकलं, म्हणजे शिक्का बीडचा. एसटीचं भाडं डब्याच्या खात्यावर.

रुद्राणी वाळली आहे. मेसचं जेवत नाही, पैसे वाचवते. माझ्यावर गेली. सर्किट म्हणून काहीतरी हिरवी पट्टी दाखवली, तिच्यावर बारीक दिवा लावला. विझवून पुन्हा लावला. म्हणाली, आई, हे मी जोडलंय. मी म्हटलं, बॅटरी जाईल, ठेव.

बसमध्ये त्या दिव्याचंच मनात होतं. ही घरी येता कामा नये.

६ सप्टेंबर, शनिवार

महालक्ष्म्या उठल्या. आमच्यात थोरल्या घरी बसतात, म्हणून वर्षाराणी तीन दिवस माझ्या स्वयंपाकघरात. दोघींनी मिळून सोळा भाज्या केल्या. ती पुरण वाटते चांगलं, ते नाकारता येत नाही. ज्येष्ठेला मी साडी नेसवली, कनिष्ठेला तिनं. कनिष्ठेच्या निऱ्या जास्त सरळ आल्या. मुद्दाम.

वाटता वाटता म्हणाली, अक्का, दोघांचंबी हुईल बघा. रुद्राणीचं तर आधी हुईल, ती हुशार हाय. मी म्हटलं, देवाची इच्छा. देवाची इच्छा मी बीडच्या पेटीत टाकून आलेय हे तिला कुठं माहीत.

२२ सप्टेंबर, सोमवार

काही कळत नाही. गहिनीनाथांना विचारलं. म्हणाले, तपासणी चाललीय, काही अर्जांवर तक्रारी हायत. मी मान खाली घालून म्हटलं, लोक तरी काय काय करतात.

९ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी ६

आजचा दिवस सविस्तर लिहिते.

दुपारी बारा वाजता गहिनीनाथ दारात. बरोबर बीडचे एक चष्मेवाले साहेब. रेशनकार्डाच्या पत्त्यावर आलोत म्हणाले. मी लगेच ओळखलं, चौकशी वर्षाराणीची आहे. कार्डावर पहिलं नाव आमच्याकडचं, म्हणून आधी आमच्या दारात आले. आत बोलावलं. सायीच्या दुधाचा चहा केला, साखर मोजली नाही. कामाला आलेल्या माणसाला हुरूप पाहिजे.

साहेबांनी विचारलं, या कार्डावर सहा माणसं. सगळे एकत्र राहता का वेगळे?

मी तोंड उघडायच्या आत वर्षाराणी मागच्या दारानं आलीच. गल्लीत जीप आली की हिला कळतं. आली ती सरळ साहेबांपुढं. म्हणते, न्हाई साहेब, चुली दोन हायत. आमचं अलग, अक्कांचं अलग. टीव्ही-फ्रीज हाय ते आमचं. अक्कांच्या घरात काय बी न्हाई साहेब, बघा की, हे एवढंच हाय. आणि हात केला. माझ्या डब्यांकडं, माझ्या पत्र्याच्या पेटीकडं, पोत्याच्या बसकरावर बसलेल्या साहेबांकडं.

काय बी न्हाई! परक्या दोन पुरुषांसमोर, माझ्या घरात उभी राहून, माझाच चहा तिथं असताना.

सोडते की काय. मी म्हटलं, साहेब, ही धाकटी आहे, हिला बोलायचं भान नाही. घर फुटलंय असं तुम्हाला कोण म्हणालं? भिंत हवेसाठी आहे. कुटुंब एकच, थोरली पाती, धाकटी पाती. टीव्ही आमचा, फ्रीज आमचा, स्कूटर आमची, दोन्ही दुकानं आमची. महालक्ष्म्यासुद्धा एकाच ठिकाणी बसतात.

वर्षाराणी म्हणाली, अक्का, ऐका माजं. डोळे मोठे करून बघत होती. मागून पाठीला चिमटासुद्धा काढला. मी सरकून बसले.

साहेब म्हणाले, म्हणजे परिस्थिती बरी आहे? मी म्हटलं, महादेवाच्या कृपेनं लई चांगली. हिला विचारू नका, ही सदा रडते.

गहिनीनाथांनी पंचनामा लिहिला. वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. पूर्ण वाचला. ‘सदर कुटुंब एकत्र असून सधन आहे.’ फ्रीज एकशे दहा लिटर लिहिला होता, तो एकशे पासष्टचा करायला लावला. सही केली, ठळक.

वर्षाराणी भिंतीपलीकडं निघून गेली.  तोंड उतरलं होतं.

अमरनाथचं गेलं असं वाटतं. आणि शिवाय अब्रू राहिली. एका चहात दोन कामं झाली.

रात्री १०. यांना सगळं सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. म्हणाले, कार्ड कुणाकुणाचं हाय? मी म्हटलं, दोघांचं. हे म्हणाले, मग पोरीच्या अर्जावर कुठलं कार्ड लावलंस? मी म्हटलं, तेच. दुसरं आहे का आपल्याकडं?

 हे हात धुवून उठले. उगाच शंका काढायची सवय आहे यांना. तक्रार श्रीमंतांविरुद्ध आहे. आम्ही श्रीमंत नाही, हे शासनाला कळत नसेल का?

१० ऑक्टोबर, शुक्रवार. पहाटे

शासनाला कसं कळेल, असं एकदा मनात आलं. मी तर आम्ही श्रीमंत आहोत असंच सांगितलं. मग जप केला. एकशे आठ. मग पुन्हा एकशे आठ.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

फराळाला लागले. चकल्या मऊ पडल्या. भाजणीचं काही चुकलेलं नाही. लक्ष नव्हतं एवढंच. वर्षाराणीनं भिंतीवरून विचारलंही नाही कशा झाल्यात म्हणून.

१० नोव्हेंबर, सोमवार

कचेरीत यादी लागली. आमच्या कार्डाचा नंबर दोनदा. अमरनाथ राजेश्वर, अपात्र. त्याच्या वर रुद्राणी गुरुपाद, अपात्र. कारण दोघांना एकच: कुटुंब सधन, पंचनाम्याप्रमाणे.

मी यादी तीनदा वाचली. रुद्राणी वर होती.

अमरनाथची फी भाऊजी दुकानातून भरणार. भरलीच म्हणे. आमचा हप्ता तीस तारखेला.

हे आज उंबऱ्यातून बोलले नाहीत. आत येऊन बसले, पाणी मागितलं. म्हणाले, रुद्राणीला बोलावून घे. माजलगावला मी निरोप धाडतो. मी म्हटलं, थोडं थांबा. हे म्हणाले, कशासाठी? 

११ नोव्हेंबर, मंगळवार

सगळी चूक त्या चष्मेवाल्या साहेबांची. बाईमाणूस बोलतं ते सगळं लिहून घ्यायचं असतं का?

चूक बद्रीनाथचीही आहे. वर्षाराणीची तर आहेच. तिनं ‘काय बी न्हाई’ म्हटलं नसतं तर मी कशाला बोलले असते.

संध्याकाळी. आज उलट करून पाहिलं. समजा तिचं ते वाक्य पंचनाम्यात गेलं असतं. चुली दोन. टीव्ही-फ्रीज त्यांचा. अक्कांच्या घरात काही नाही. अमरनाथचं तिनं स्वतःच्या तोंडानं घालवलं असतं. आणि रुद्राणीचं?

जेवले नाही. उपास नव्हता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गहिनीनाथांकडं गेले. कुंकवाचा करंडा घरी ठेवून गेले. विचारलं, काही मार्ग? ते म्हणाले, बाई, पंचनाम्यावर सही तुमची. फ्रीजचे लिटर तुमी बदलले. मी सोळा वरसं नोकरी करतोय, अपात्र व्हायला एवढी मेहनत घेणारी बाई पयल्यांदा बघितली.

मग दार लोटून घेऊन म्हणाले, एक वाट हाय. चुली वेगळ्या हायत असं दोन्ही घरांनी सहीनिशी लिहून द्यायचं, म्हणजे फेरचौकशी लागंल. पण मूळ तक्रार उभी हाय तवर फाईल हलायची न्हाई. ती ज्यानं केली त्यानंच मागं घ्यायला पाहिजे. आता निनावी माणूस कुठून आणता?

मी म्हटलं, आणता येईल.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. टेबलावरचा पेन मी उचलला होता सही करायला आल्यासारखा, तो मी खाली ठेवला. ते म्हणाले, नावानिशी लिवा. पंचवीस तारखेच्या आत. वेगळे कागद नकोत, सगळं एकाच कागदावर, दोघींच्या सह्या.

एकाच कागदावर. म्हणजे ती वाचणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३

दोन दिवस लिहीत होते. पहिल्या मसुद्यात ‘कोणा अज्ञात व्यक्तीने’ होतं. दुसऱ्यात ‘गैरसमजातून एका महिलेने’. तिसऱ्यात मी.

कागद घेऊन भिंतीला वळसा घालून गेले. वर्षाराणी गहू निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिनं वाचला. मग पहिल्यापासून पुन्हा वाचला. मी उभीच. बस म्हणाली नाही. वाटलं आता बोलेल, मग मलाही बोलता येईल. बोलण्याची माझी सगळी तयारी होती.

ती म्हणाली, अक्का, स्कूटर लिवायची राह्यली. तीबी आमचीच हाय. न्हाई तर पुन्यांदा येतील इचारायला.

मी तिथंच बसून स्कूटर घातली. तिनं सही केली. वर्षाराणी राजेश्वर, पूर्ण. मग सूप पुढं ओढलं आणि म्हणाली, पोष्ट पाच वाजता बंद हुतंय.

आज पाकीट घेतलं, पाच रुपये. उत्तरासाठी वर पन्नास पैशांचं कोरं कार्ड, आपला पत्ता घालून. पत्ता उजव्या हातानं. पाकिटात टाकलं त्याची नक्कल:

‘मा. साहेब यांस, सा. न. वि. वि.

आपल्या कचेरीस ऑगस्टअखेर आलेले निनावी कार्ड मी लिहिले होते. ते डाव्या हाताने लिहिले आहे. माझ्याकडून पुन्हा डाव्या हाताने लिहवून घेतल्यास पटेल. सदर तक्रार मी मागे घेत आहे. दिनांक ९ ऑक्टोबरच्या पंचनाम्यात मी जे सांगितले तेही बरोबर नव्हते. आमच्या घरात सहा वर्षांपासून चुली दोन आहेत. रंगीत टीव्ही, फ्रीज (१६५ लिटर), स्कूटर व कापडाचे दुकान ही धाकट्या घरची आहेत. आमचे किराणा दुकान एक. त्याखेरीज माझ्या घरात काही नाही.

धाकट्या जाऊबाईंनी हे आपल्यासमोर त्याच दिवशी खरे सांगितले होते. मी त्यांना बोलू दिले नाही. त्यांची सही खाली आहे. त्यांनी ती वाचून केली आहे.

माझी मुलगी कु. रुद्राणी हिचा दुसरा हप्ता तीस तारखेस आहे. तिला यातले काही माहीत नाही, व ते तिला कळू नये अशी विनंती आहे. तिचे वडील माजलगावला निरोप पाठवणार आहेत. त्यांना मी मोजून आठ दिवस थांबवले आहे. फेरचौकशी होणार की नाही, एवढेच सोबतच्या कार्डावर उलट टपाली कळवावे.’